वर्णन अपुरे आहे

९ जानेवारी

प्रिय बारके,

तुझी चिठ्ठी मिळाली. चारच ओळी होत्या, पण कळायचं ते कळलं. मोबाइल बंद करून कपाटात टाकलास ते उत्तम केलंस. माझा भाऊ, तुझा नवरा, इमारत रंगवताना आठव्या मजल्यावरून पडतो, समोरच्या खिडकीतला कुणी त्याचा व्हिडिओ काढतो, आणि आपलेच नातेवाईक 'फार वाईट झालं' असं लिहून खाली तोच व्हिडिओ तुला पाठवतात. यांना काय म्हणावं? आता आपण पत्रंच लिहू. मला तेच जमतं. बाब्या म्हणायचाच, ताईकडे पाणी मागितलं तरी ती आधी अटी वाचून दाखवते.

आता कामाचं. तू हातपाय गाळू नकोस. गेल्या वर्षी यासाठी कायदा झालाय आणि तो आमच्याच खात्यात लिहिला गेला. माणसाचे शेवटचे क्षण घरच्यांच्या परवानगीशिवाय दाखवणं हा आता गुन्हा आहे. वारसाने रीतसर अर्ज केला की कंपनीला अठ्ठेचाळीस तासांत ते काढावंच लागतं. वारस म्हणजे तू. बहिणीला तो हक्क नाही, नाहीतर मीच केला असता. अर्ज कसा भरायचा ते सोबतच्या कागदावर लिहिलंय. तुमच्या वाचनालयात कॉम्प्युटर आहे म्हणालीस, तिथे बसून भर.

टिल्ली तिसरीत गेली की शाळेत कॉम्प्युटरचा तास सुरू होणार, पोरं पहिल्या दिवशी आपापल्या आईबापांची नावं टाकून बघणार, म्हणून तुला धास्ती लागलीय. तो तास जूनमध्ये आहे. पाच महिने चिक्कार झाले. सुट्टीत तिला माझ्याकडे पाठवणार का, तेवढं संदिग्धता न ठेवता कळव.

तुझी,
ताई


२२ जानेवारी

प्रिय ताई,

तुमचा कायदा चालतो. सोमवारी अर्ज भरला, बुधवारी व्हिडिओ गायब. मी त्या दिवशी कवळ्यांच्या कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

गुरुवारी खात्री करावी म्हणून परत शोधलं, तर चौदा सापडले. कुणी तोच व्हिडिओ उलटा फिरवलाय, म्हणजे तो डावीकडून पडतो. कुणी कडेने चौकट लावलीय. एका दिवट्याने मूळचा आवाज काढून सर्कशीतल्या विदूषकाचा बाजा टाकलाय आणि वर नाव दिलंय, 'पाहा, रंगारी उडतो'. त्याखाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागलीय.

आणि ताई, चौदांसाठी चौदा अर्ज. प्रत्येकाचा पत्ता वेगळा लिहायचा. पत्ता हवा तर तो उघडावा लागतो, उघडला की आपोआप चालू होतो. वर अर्जात रकाना आहे, 'आक्षेपार्ह भाग कितव्या सेकंदाला सुरू होतो'. म्हणजे त्याच्या झुल्याचा दोर तुटतो तो क्षण. मूळ व्हिडिओत तेविसावा सेकंद. बाजावाल्याने आधी स्वतःचं थोबाड दाखवलंय, त्यामुळे त्याच्यात एकतिसावा.

जेवणाच्या सुट्टीत जाते. वाचनालयाच्या बाईंनी तीन नंबरचा कॉम्प्युटर भिंतीकडे फिरवून दिलाय आणि मी बसले की त्या माझ्याकडे पाठ करून कार्डं लावत बसतात. देव त्यांचं भलं करो. तिथून परत येऊन मेणात दात बसवायचे. काल एका आजोबांच्या कवळीतली दाढ इतकी घासली की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगं, याने खायचं काय?

सगळ्यांसाठी मिळून एकच अर्ज का नाही? ज्याने हे लिहिलं असेल त्याला एकदा माझ्या खुर्चीत आणून बसवा. टिल्लीला सुट्टीत पाठवेन.

बारकी


३१ जानेवारी

प्रिय बारके,

तुझा त्रास समजतो. पण नियमामागे काही कारणं असतात. पूर्वी लोक मोघम तक्रार करायचे आणि कंपन्या म्हणायच्या, नक्की कुठला व्हिडिओ ते आम्हाला समजलंच नाही. आता पत्ता दिला की त्यांना पळवाट उरत नाही. एकेक करत गेलीस तर संपेल. तू कामाला वाघ आहेस.

वर्णनाच्या रकान्यात कंजुषी करू नकोस. अर्ज बहुतेक तिथेच अडतात. आणि बघताना मन घट्ट कर. मीही ते सगळं पाहिलंय, मला कल्पना आहे.

टिल्लीसाठी दोन फ्रॉक पाठवतेय. मोठे झाले तर खालून दुमड.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

आज 'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

एकतीस अर्ज झाले. त्यातले नऊ परत आले. वर्णनाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'यात माझा नवरा मरतो.' कंपनीचं उत्तर आलं: 'वर्णन अपुरे आहे. कृपया दृश्यात काय दिसते ते लिहावे.' मी लिहिलं, 'माणूस उंचावरून पडतो.' उत्तर आलं: 'वर्णन अपुरे आहे. व्यक्तीची ओळख पटेल असे तपशील द्यावेत.' तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळं लिहिलं. निळा सदरा लिहिला, डाव्या खांद्यावरचा रंगाचा डाग लिहिला. दोर तुटल्यावर त्याने डबा सोडला नाही तेही लिहिलं. वेड्याने रंगाचा डबा धरून ठेवला होता ताई, झुल्याची दांडी सोडून. डबा मालकाचा होता ना. तुम्हीही पाहिलंय म्हणता, तर तुम्हालाही दिसलं असेल.

ते कंपनीला पुरलं. धन्यवाद म्हणाले.

परत आलेल्या नऊ अर्जांसोबत नियमाची प्रत आली. वाचनालयाच्या बाईंनी छापून दिली. त्यातलं वाक्य असं आहे: 'अर्जदाराने दृश्याचे वर्णन स्वतःच्या शब्दांत, संदिग्धता न ठेवता करावे.' मी ते तीनदा वाचलं. असं बोलणारं माणूस मला जगात एकच माहीत आहे. लग्न ठरवताना तुम्ही आमच्या बाबांना विचारलं होतंत, मुलगी लग्नानंतर नोकरी करणार का ते संदिग्धता न ठेवता सांगा. बाब्या मागे उभा राहून तोंडावर रुमाल धरून हसत होता.

हे तुम्ही लिहिलंय का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

परवा टिल्ली शाळेतून उड्या मारत आली. वर्गातल्या कुणीतरी तिला सांगितलं, तुझे बाबा व्हिडिओत आहेत. ती हरखून गेली होती. म्हणाली, 'आई, बाबा व्हिडिओत आहेत! मला बघायचाय. आत्ता दाखव.' मी तिला पाठीत धपाटा घातला. आयुष्यात पहिल्यांदा. मी का मारलं हे तिला कळलं नाही आणि मला सांगता आलं नाही.

बारकी


११ मार्च

बारके,

हो.

तीन आठवडे हा एकच शब्द लिहिता येत नव्हता. आता बाकीचंही सांगते.

नियमाच्या पहिल्या मसुद्यात 'आणि त्या मजकुराच्या सर्व नकला' असं होतं. माझ्या हाताखालच्या एका मुलीने लिहिलं होतं. मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, नक्कल म्हणजे काय ते सांग. उलटी फिरवली तर नक्कल का? संगीत बदललं तर? निम्मी कापली तर? ती बिचारी ते प्रश्न वहीत उतरवत राहिली. मी तांबड्या पेनाने ती ओळ खोडली आणि लिहिलं, प्रत्येक पत्त्यासाठी स्वतंत्र अर्ज. वर्णनाची अटही माझीच. खोट्या तक्रारी येऊ नयेत म्हणून. बैठक जेवणाआधी संपली. कंपन्यांच्या माणसांनी माझं कौतुक केलं, म्हणाले, बाई, इतकी घट्ट वाक्यं हल्ली कुणी लिहीत नाही. मी त्या दिवशी घरी येऊन बाब्याला फोनवर हे सांगितलं होतं. तो म्हणाला, 'ताई, तुला दुसऱ्याची वाक्यं खोडायला पगार मिळतो, मजा आहे तुझी.'

अर्ज कोण भरणार, त्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर काय असणार, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. तीस वर्षं मी फक्त पळवाटा बुजवल्या.

दुसरं. मी तो व्हिडिओ पाहिलेला नाही. तुला खोटं लिहिलं. तुझ्या पत्रातला डब्याचा मजकूर वाचला आणि कागद पालथा घालून ठेवला.

एप्रिलमध्ये नियमांच्या फेरविचारासाठी समितीची बैठक आहे. मला बोलायला वेळ मिळालाय. माझ्या मनात आहे की तो व्हिडिओ तिथे मोठ्या पडद्यावर लावावा. एकेचाळीस सेकंद बघू दे सगळ्यांना. मग कुणाची जीभ उचलणार नाही. वारस म्हणून तुझी लेखी परवानगी लागेल. देशील?

ताई


१७ मार्च

ताई,

परवानगी नाही.

आठवड्याला सहा-सात ठिकाणांहून मी त्याला उतरवतेय आणि तुम्ही त्याला मोठ्या पडद्यावर चढवायला निघालात. तुम्ही दाखवलात तर तीही एक नक्कलच, फक्त सरकारी. साहेबलोक चुकचुकतील, पाणी पितील, आणि जेवताना एकमेकांना सांगतील. माझा नवरा कुणाचं मन वळवायला मेलेला नाही.

तुमच्या नियमाची प्रत माझ्याकडे आहेच, म्हणून रविवारी टिल्ली झोपल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. कवळीचा साचा जसा तपासते तशी, बोट फिरवत. सातव्या पानावर लिहिलंय, वारसाने लेखी अधिकार दिल्यास त्याच्या वतीने दुसरी व्यक्ती अर्ज करू शकते. जानेवारीत तुम्ही मला लिहिलंत, बहिणीला तो हक्क नाही. तुम्हीच लिहिलेलं सातवं पान तुम्हाला माहीत नव्हतं, असं मला सांगू नका. तुम्हाला बघायचं नव्हतं, म्हणून मला बघायला लावलंत.

मी तुमच्यावर इतकी चिडलेय की तुम्ही पाठवलेले फ्रॉक पिशवीत घालून कपाटावर टाकलेत. टिल्ली रोज विचारते.

सोबत अधिकारपत्र आहे. सही केलीय, वाचनालयाच्या बाई साक्षीदार. अठ्ठावन्न अर्ज मी केले. इथून पुढचे तुम्ही. आधी हे करा, मग समितीत काय बोलायचं ते सुचेल.

बारकी


२४ एप्रिल

बारके,

त्रेचाळीस अर्ज भरले. कचेरीतच, माझ्या टेबलावर, भर दुपारी, दार उघडं ठेवून. पहिला भरायला मला दीड तास लागला. पहिल्यांदा मी तेवीस सेकंदांपर्यंत पोचलेच नाही, सतराव्याला स्वच्छतागृहात गेले. शिपाईदादांनी न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तू हे सगळं अर्ध्या तासाच्या सुट्टीत करून परत दात बसवायला जात होतीस.

माझेही चार अर्ज परत आले. वर्णन अपुरं. मी, जिने ती अट लिहिली, तिचं वर्णन अपुरं. मी लिहिलं होतं, 'एक इसम कामाच्या जागेवरून पडताना दिसतो.' इसम! त्याला मी कडेवर घेऊन फिरवलंय, आणि इसम लिहिलं.

बैठक परवा झाली. मी काही दाखवलं नाही. कंपन्यांचे वकीलसाहेब आधी बोलले. म्हणाले, सध्याची पद्धत उत्तम आहे, एक अर्ज भरायला सरासरी चार मिनिटं लागतात, हा काही फार मोठा बोजा नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी कोरा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला.

"तुमचे वडील आहेत?" मी विचारलं.

"मागच्या वर्षी गेले," ते म्हणाले. "त्याचा इथे काय संबंध?"

"तुम्ही शेजारी होतात?"

"होतो. हॉस्पिटलात."

"मग भरा. शेवटचा श्वास कितव्या सेकंदाला घेतला, अंगावर काय होतं, तोंड कसं झालं होतं. स्वतःच्या शब्दांत, संदिग्धता न ठेवता. चार मिनिटं आहेत."

त्यांनी पेन हातात घेतलं. खरंच घेतलं, सवयच असते आम्हा लोकांना. मग ते खाली ठेवलं. मी म्हटलं, आता असे एकशे एक भरा. माझ्या भावजयीने आणि मी भरलेत. घड्याळ लावून बघितलं, चार मिनिटं पूर्ण होऊ दिली, मग बसले.

अध्यक्ष शेवटी म्हणाले, "पण बाई, या अटीखाली सही तुमचीच आहे." मी म्हटलं, "म्हणूनच मी आलेय. ती चूक आहे आणि ती माझी आहे, तसं इतिवृत्तात घ्या."

घेतलं. काल मला मसुद्याच्या कामातून काढून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलंय. तिथे खिडकी आहे, बाकी काही नाही. ज्या मुलीची ओळ मी खोडली होती, तिच्याकडे आता ते काम आलंय.

फ्रॉक तिला घालू दे ग. तिचा काय दोष?

ताई


२ मे

ताई,

पत्र दोनदा वाचलं. वकिलाचं पेन खाली ठेवलेलं वाचून बरं वाटलं. हे बरोबर नाही, त्याचेही वडील गेलेत, पण वाटलं.

फ्रॉक घातले. दोन्ही मोठे आहेत, दुमडलेत.

मी तुम्हाला माफ वगैरे केलेलं नाही. ते इतक्यात होणार नाही आणि खोटं लिहायची तुमच्या घराण्यातली सवय मला लावून घ्यायची नाही. पण टिल्लीला रविवारी तुमच्याकडे पाठवतेय. वाचनालयाच्या बाई त्या बाजूला निघाल्यात, त्यांच्याबरोबर येईल. बाबा कसे गेले असं तिने विचारलं तर आजारी होते असं सांगू नका. पडले म्हणून सांगा. बघू देऊ नका.

बारकी


६ जून

प्रिय बारके,

नवा नियम काल लागू झाला. प्रत जोडलीय. 'त्या मजकुराच्या सर्व नकला, उलट्या फिरवलेल्या, कापलेल्या किंवा संगीत बदललेल्या धरून.' त्या मुलीने मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत घातलंय. अर्ज एकदाच, नकला शोधायचं काम कंपनीचं. सेकंदाचा रकाना गेला. वर्णनाचा रकाना गेला. आता फक्त नाव आणि नातं विचारतात.

शेवटचा अर्ज मी भरणार होते, पण वाटलं, तो तुझा आहे.

ताई


२१ जून

ताई,

अर्ज भरला. नाव लिहिलं, नात्यापुढे 'पत्नी' लिहिलं आणि पाठवला. खुर्ची गरमसुद्धा झाली नाही. दोन दिवसांनी त्याचं नाव टाकून बघितलं. पडद्यावर आलं, 'काहीही सापडले नाही'. बाजावालाही गेला. कुठे कोपऱ्यात असेल एखादा, तर शोधेल आता ती कंपनी. वाचनालयाच्या बाईंनी कॉम्प्युटर परत सरळ फिरवला. मला वाटलं होतं, त्या दिवशी मी गाढ झोपेन.

बुधवारी टिल्लीचा कॉम्प्युटरचा पहिला तास झाला. घरी येऊन तिने दप्तर फेकलं. म्हणाली, 'बाबांचं नाव टाकलं. सगळ्यांचे बाबा आले. एकीची तर आजी पण आली. माझेच नाही आले. तू म्हणतेस ते मोठमोठ्या इमारती रंगवायचे. मग कुठे आहेत?'

पाच महिने मी याच दिवसासाठी झिजले, ताई. आणि तो दिवस आला तर पोरगी माझ्यावर डोळे वटारून उभी, की आई थापा मारते. मला राग आला. कुणावर येतोय तेही कळेना.

मग ती शांत झाल्यावर म्हणाली, 'बाबा कसे होते ते तरी सांग.' मी डोळे मिटले. निळा सदरा, खांद्यावर डाग, हातात डबा. दुसरं काहीच येईना. अकरा वर्षं संसार केला मी त्याच्याबरोबर. तो भांडायचा, घोरायचा, साबण पाण्यात ठेवायचा, हे मला माहीत आहे. पण दिसत नाही. दिसतात ते फक्त एकेचाळीस सेकंद, कारण तेच मी साठेक वेळा पाहिलेत, आणि प्रत्येक वेळी लिहून काढलेत. ते माझ्या डोक्यातून काढायला कुठल्या कंपनीकडे अर्ज करू?

म्हणून आता तुम्हाला काम आहे. जुन्या फायलींच्या खोलीत तुम्हाला वेळच वेळ असणार. तुम्ही त्याला तो दोन दिवसांचा असल्यापासून ओळखता. दर आठवड्याला एक पत्र पाठवायचं. एका पत्रात एकच प्रसंग, दोन एकत्र केलेले चालणार नाहीत. तो कुठे उभा होता, अंगात काय होतं, काय म्हणाला, कशाला हसला, सगळं लिहायचं. इसम लिहायचं नाही. स्वतःच्या शब्दांत, संदिग्धता न ठेवता. पाकिटावर नाव टिल्लीचं घाला, ती आता जोडाक्षरं वाचते. तिचं झालं की मी वाचेन.

वर्णन अपुरं असलं तर परत पाठवीन.

बारकी